शस्त्रक्रियेआधीचे पंधरा दिवस

‘भूल’ हा आपल्या भाषेतला मोठा अर्थगर्भ शब्द आहे. रानात ओळखीची वाट चुकली की ‘भूल पडली’ म्हणतात. हिशेबाच्या कागदाखाली ‘भूलचूक देणे-घेणे’ लिहितात. आणि शस्त्रक्रियेआधी डॉक्टर देतात तीही भूलच. वाट हरवणे, चूक होणे आणि शुद्ध हरपणे या तिन्ही अर्थांची सावली वयोवृद्ध रुग्णाच्या मनावर पडलेली असते. सुरीची भीती सहसा कोणी बोलून दाखवत नाही. ‘मी पुन्हा उठेन ना?’ हा प्रश्न मात्र कधी शब्दांतून, कधी नुसत्या नजरेतून विचारला जातोच.

मी भूलतज्ज्ञ नाही, शल्यविशारदही नाही. बारामतीच्या एमआयडीसी परिसरात गेली सत्तावीस वर्षे दवाखाना चालवणारी एक साधी एमबीबीएस डॉक्टर आहे. कारखान्यांत पाळीवर जाणारे कामगार, त्यांच्या घरची माणसे, आणि दुखणे वाढले की बारामती-इंदापूर तालुक्यांतल्या गावांहून मुलाकडे राहायला येणारे त्यांचे आईवडील हे माझे रुग्ण. शस्त्रक्रिया मोठ्या रुग्णालयात होते. पण ती ठरल्यापासून होईपर्यंतचे दहा-पंधरा दिवस रुग्ण घरी असतो आणि आपल्या शंका घेऊन आमच्याकडे येतो. त्या दिवसांविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे. शस्त्रक्रियेचे बरेवाईट पुष्कळ अंशी या दिवसांत ठरते, आणि हे दिवस डॉक्टरांपेक्षा आपल्या हाती अधिक असतात.

सहीपुरता ‘फिटनेस’

‘मॅडम, फक्त फिटनेसची सही हवी आहे,’ असे म्हणत अनेक जण येतात. जणू रुग्ण एकतर फिट असतो किंवा नसतो, आणि ते एका शिक्क्याने सिद्ध होते. प्रत्यक्षात तसे नसते. कोणती शस्त्रक्रिया, कोणती भूल, रुग्णाचे हृदय, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे कशी आहेत, तो कोणती औषधे घेतो, घरी त्याच्यापाशी कोण आहे, या सगळ्यांचा मेळ घालून प्रत्येकाची तयारी वेगळी करावी लागते. शेजारच्या काकांना जे सांगितले ते आपल्या वडिलांना लागू पडेलच असे नाही.

एक उदाहरण सांगते. काही वर्षांपूर्वी बहात्तर वर्षांच्या दोन स्त्रिया एकाच महिन्यात माझ्याकडे आल्या. दोघींच्याही पित्ताशयात खडे होते आणि दोघींचीही दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ठरली होती. पहिल्या बाई शेतात राबणाऱ्या, सडपातळ. जन्मात दवाखान्याची पायरी फारशी चढलेल्या नव्हत्या. ‘आई ठणठणीत आहे, एक गोळी चालू नाही,’ असे मुलगा अभिमानाने सांगत होता. दुसऱ्या निवृत्त शिक्षिका. त्यांना मधुमेह होता, रक्तदाब होता, तीन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला होता आणि रोजच्या सात गोळ्या होत्या. त्यांच्या सुनेच्या चेहऱ्यावरची चिंता लपत नव्हती.

तपासण्या झाल्या तेव्हा चित्र उलटे निघाले. ठणठणीत आईंचे हिमोग्लोबिन ८ होते. वर्षानुवर्षे मिशरी लावल्याने आणि सुपारीच्या सवयीने त्यांचे तोंड जेमतेम दोन बोटे उघडत होते. शिक्षिकाबाईंची साखर आटोक्यात होती, रोज सकाळचे फिरणे होते, प्रत्येक कागद फायलीत तारखेनिशी लावलेला होता. त्यांच्या तयारीत मुख्य काम एवढेच होते, की कोणती गोळी केव्हा थांबवायची आणि कोणती मुळीच थांबवायची नाही, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांच्याकडून लिहून घ्यायचे. त्यांची शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली. पहिल्या बाईंची तारीख मात्र पुढे ढकलावी लागली. रक्त का कमी आहे याचा शोध घेतला, लोहाचे औषध शिरेतून दिले, अरुंद तोंडाची पूर्वकल्पना भूलतज्ज्ञांना दिली. मुलगा सुरुवातीला नाराज झाला, कारण त्याने कंपनीत रजा टाकली होती. सहा आठवड्यांनी त्याही सुखरूप घरी आल्या. वय एक, आजार एक, शस्त्रक्रिया एक; तयारी मात्र दोन तऱ्हांची.

जेजुरीच्या किती पायऱ्या?

‘या वयात ऑपरेशन झेपेल का?’ हा घरच्यांचा पहिला प्रश्न असतो. निव्वळ वयावरून याचे उत्तर देता येत नाही. ऐंशीतला काटक माणूस साठीतल्या बैठ्या माणसापेक्षा शस्त्रक्रिया सहज सोसतो. शरीराची राखीव ताकद किती आहे, हे पाहावे लागते. न थांबता दोन जिने चढता येतात का, असे वैद्यकीय पुस्तकांत विचारलेले असते. आमच्याकडच्या पुष्कळ घरांना जिनाच नसतो. म्हणून मी विचारते, ‘गेल्या वर्षी जेजुरीच्या पायऱ्या चढलात का? किती ठिकाणी बसलात?’ तुकोबारायांच्या पालखीबरोबर चालणाऱ्याला विचारते, ‘बारामतीहून निघून बेलवाडीच्या रिंगणापर्यंत पायी जाता, की टेम्पोत बसता?’ या उत्तरांतून हृदय आणि फुप्फुसे यांविषयी पुष्कळ काही कळते. वाचकहो, डॉक्टरांनी विचारले तर ‘चालतात की बऱ्यापैकी’ असे मोघम सांगू नका. किती अंतर चालतात, कुठे थांबतात, थांबल्यावर छातीत दाटते की गुडघा दुखतो, हे नेमके सांगा. गुडघ्यासाठी थांबणे आणि धाप लागून थांबणे यांत मोठे अंतर आहे.

हाती पंधरा दिवस असतील तर ही ताकद थोडी वाढवताही येते. झेपेल तेवढे रोज चालावे. दिवसातून चार-पाच वेळा प्रत्येकी दहा दीर्घ श्वास घ्यावेत. शस्त्रक्रियेनंतर वेदनेमुळे श्वास उथळ होतो आणि कफ साचतो, तेव्हा आधी केलेला हा सराव उपयोगी पडतो. मूत्रपिंडाच्या आजारामुळे पथ्य नसेल, तर दूध, डाळी, मटकी, अंडी असा प्रथिनयुक्त आहार वाढवावा. शस्त्रक्रिया आहे म्हणून आठ दिवस आधीच पेज-भातावर आणून ठेवलेले वृद्ध मी पाहिले आहेत. त्याने शक्ती नेमकी हवी तेव्हाच खालावते.

औषधांची पिशवी

भूलतज्ज्ञांकडे तपासणीला जाताना घरातली सगळी औषधे एका पिशवीत भरून न्यावीत. ‘सगळी’ हा शब्द जाणूनबुजून वापरते आहे. डोळ्यांत घालायचे थेंब, झोपेची गोळी, आयुर्वेदिक काढा, चूर्ण, आणि सांधेदुखीवर कोणीतरी दिलेली बिननावाची पुडीसुद्धा. अशा पुड्यांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेले असते. ते दीर्घकाळ पोटात गेले की शरीराची स्वतःची स्टिरॉइड तयार करण्याची शक्ती मंदावते आणि शस्त्रक्रियेच्या ताणात रक्तदाब अचानक कोसळू शकतो. भूलतज्ज्ञाला हे आधी ठाऊक असले तर त्यावर सोपा उपाय करता येतो.

काही औषधांविषयी विशेष सांगायला हवे. रक्त पातळ ठेवणारी औषधे दोन बाजूंनी धोक्याची असतात: चालू ठेवली तर रक्तस्राव वाढू शकतो, बंद केली तर गुठळी होऊ शकते. क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफॅरिनसारखी औषधे पुष्कळदा पाच-सात दिवस आधी थांबवतात. ॲस्पिरिन अनेकदा चालू ठेवतात. पण हा निर्णय रुग्णानुसार बदलतो, म्हणून तो स्वतः कधीही घेऊ नये. स्टेंट बसवून वर्ष झाले नसेल, तर तारीख ठरवण्याआधीच हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे.

मधुमेहाच्या गोळ्यांपैकी डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीच्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी बंद करतात. त्या चालू राहून रुग्ण उपाशी राहिला, तर रक्तातली साखर फारशी न वाढताही शरीरात आम्ल साचू शकते, आणि साखर बरी दिसत असल्याने ते चटकन लक्षातही येत नाही. इन्सुलिनचे त्या सकाळचे प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. वजन आणि साखर कमी करणारी आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने पोट रिकामे होण्याचा वेग मंदावतात, म्हणून तीही सांगावीत. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी काही त्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात आणि काही टाळायच्या असतात. त्यांचीही यादी करून घ्यावी.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला लोक किरकोळ समजतात. तिच्यातही सांगण्याजोगे असते. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्या पुरुषाच्या डोळ्यातील बुबुळाचा पडदा शस्त्रक्रियेच्या वेळी सैल पडतो. नेत्रतज्ज्ञाला आधी माहीत असेल तर तो त्याची सोय करून ठेवतो. लघवीच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध, असे म्हणून ती घरी ठेवून जाऊ नका. सरळ झोपले की खोकला येतो का, हेही तिथे जरूर सांगा.

दात, मिशरी आणि मंगळसूत्र

संपूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालावी लागते, म्हणून तोंड किती उघडते, मान किती वळते, दात हलतात का, हे भूलतज्ज्ञ पाहतात. तंबाखू, गुटखा, सुपारी यांनी आतून आखडलेले तोंड ही आपल्या भागातली नेहमीची अडचण आहे. आमच्या आयाबाया मिशरीला व्यसन मानतच नाहीत. ‘मी तंबाखू खात नाही, नुसती दाताला लावते,’ असे सांगतात. मुलांसमोर विचारले तर तेवढेही सांगत नाहीत. घरच्यांनी त्यांना खजील न करता डॉक्टरांशी एकटीने बोलू द्यावे. दारूच्या बाबतीत पुरुषांचेही असेच असते. रोज पिणाऱ्याची दारू शस्त्रक्रियेमुळे एकाएकी सुटली, तर दोन-तीन दिवसांनी हातपाय कापू लागतात, भ्रम होतो. इज्जतीसाठी दडवलेली ही गोष्ट पुढे जिवावर बेतू शकते.

बिडी-सिगारेट चार आठवडे आधी सोडली तर फुप्फुसांच्या तक्रारी कमी होतात आणि जखम लवकर भरते. तेवढा वेळ नसेल तर आदल्या दिवशी सोडली तरी रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता सुधारते.

आता एक नाजूक गोष्ट. शस्त्रक्रियागृहात धातूचे दागिने चालत नाहीत. रक्तस्राव थांबवण्यासाठी विजेचे उपकरण वापरतात, त्याने भाजण्याचा धोका असतो. पन्नास वर्षांत एकदाही गळ्यातून न काढलेले मंगळसूत्र, बोटात रुतलेली जोडवी, हातातल्या बांगड्या ऐनवेळी एखाद्या अनोळखी परिचारिकेने काढायला सांगितल्या, की आजींचा जीव कासावीस होतो, रक्तदाब चढतो, आणि मनात नको ती शंका येते. हे त्यांना चार दिवस आधी घरी शांतपणे सांगावे. आजोबांनी किंवा लेकीने ते आपल्या हातांनी काढून जपून ठेवावे आणि शुद्धीवर आल्यावर आपल्याच हातांनी परत घालावे. घट्ट अंगठ्या आणि जोडवी आधीच काढून घ्यावीत. नखांची मेंदी आणि रंग टाळावा, कारण बोटाला लावून प्राणवायू मोजणाऱ्या यंत्राला त्याचा अडथळा होऊ शकतो. आदल्या दिवशी स्वच्छ आंघोळ करावी. शस्त्रक्रियेच्या जागेचे केस मात्र घरी वस्तऱ्याने काढू नयेत, बारीक जखमा होऊन जंतुसंसर्ग वाढतो.

उपाशी राहणे आणि उपास करणे

‘उपाशीपोटी या’ या दोन शब्दांनी आपल्याकडे जितका घोटाळा होतो तितका क्वचितच कशाने होत असेल. आपल्या घरांत उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, आणि चहाला तर कोणत्याच उपासाची आडकाठी नसते. एका आजींनी मोठ्या निष्ठेने ‘उपाशी’ राहून सकाळी सहाला वाटीभर भगर खाल्ली होती. निघण्याआधी सुनेने सहज विचारले म्हणून ते कळले, आणि शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवसावर गेली.

कारण समजले की नियम पाळणे सोपे जाते. भुलेत घशाचे रक्षण करणारी प्रतिक्षिप्त क्रिया थांबलेली असते. पोटात अन्न असेल तर ते उलटून फुप्फुसांत जाऊ शकते, आणि ते फार घातक ठरते. म्हणून सर्वसाधारण नियम असा: तेलकट, तुपकट किंवा मांसाहारी जेवण आठ तास आधी, हलका आहार सहा तास आधी, आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत. दूध सहा तासांच्या नियमात येते. त्यामुळे दुधाचा चहा आणि ताकही त्यातच. ज्यांचे पोट सावकाश रिकामे होते अशांना, म्हणजे जुना मधुमेह, आतड्यातला अडथळा अशा रुग्णांना, भूलतज्ज्ञ वेगळे सांगतील. त्यांचा शब्द अंतिम मानावा.

याची दुसरी बाजूही आहे. रात्री आठला जेवलेल्या आजोबांची पाळी दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला येते, आणि भीतीपोटी त्यांना अठरा तास पाण्याचा थेंबही दिला जात नाही. वृद्ध शरीर इतके कोरडे पडले की भूल दिल्यावर रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडांवर ताण येतो. म्हणून आदल्या दिवशी दोन प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्या: ‘शेवटचे अन्न किती वाजता?’ आणि ‘शेवटचे पाणी किती वाजता?’

कमरेत सुई आणि इतर भये

भूल एकाच प्रकारची नसते. मोतीबिंदूला बहुधा डोळ्यापुरती भूल पुरते. खुबा, गुडघा, प्रोस्टेट अशा शस्त्रक्रिया पुष्कळदा पाठीच्या कण्यात दिलेल्या भुलेवर होतात. पोटाच्या किंवा छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियांना संपूर्ण भूल लागते. ‘कमरेत सुई दिली की कंबर कायमची जाते’ ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजली आहे. सुईच्या जागी काही दिवस दुखते, क्वचित डोके दुखते, पण आयुष्यभराची कंबरदुखी त्या सुईने येत नाही. पूर्वी पाठीवर झालेली शस्त्रक्रिया, रक्त पातळ करणारी औषधे, पाठीवरचा जंतुसंसर्ग या गोष्टी मात्र आवर्जून सांगाव्यात. आधीच्या कोणत्याही भुलेच्या वेळी आपल्याला किंवा रक्ताच्या नातेवाइकाला काही विपरीत झाले असेल, तर तेही सांगावे. भुलेच्या काही प्रतिक्रिया आनुवंशिक असतात.

शस्त्रक्रियेच्या दिवशी नाव काय, कोणते ऑपरेशन, कोणती बाजू, असे तीन वेगवेगळे लोक विचारतील. ‘यांना एवढेही ठाऊक नाही का?’ म्हणून चिडू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००८मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी-यादी दिली. नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. पुन्हा पुन्हा विचारणारे रुग्णालय जागरूक आहे असे समजावे.

संमती कोणाची?

१९२४च्या जानेवारीत महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगात शिक्षा भोगत होते. आंत्रपुच्छाचा दाह झाल्याने त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवले आणि १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. शस्त्रक्रियेच्या मध्येच वीज गेली आणि ती कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. मला त्याआधीचा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. आधुनिक वैद्यकावर १९०९ मध्ये ‘हिंद स्वराज’मध्ये कठोर टीका केलेला हा माणूस, त्यातून कैदी, पण शस्त्रक्रियेआधी त्यांनी श्रीनिवास शास्त्रींच्या उपस्थितीत स्वतःच्या संमतीचे निवेदन सांगितले आणि वेदनेत असतानाही स्वतः सही केली. निर्णय त्यांचा होता.

आपल्या घरांत याच्या उलट घडते. ‘त्यांना काही सांगू नका, धसका घेतील,’ असे मुले दाराबाहेर सांगतात आणि कागदावर थोरला मुलगा सही करतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८च्या समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले आहे, की सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती त्याचीच हवी आणि तीही पुरेशी माहिती दिल्यावर. कायद्यापेक्षाही मला माझा अनुभव अधिक सांगतो.

इंदापूर तालुक्यातले ब्याऐंशी वर्षांचे एक शेतकरी मोठ्या आतड्यातील गाठीच्या शस्त्रक्रियेआधी माझ्याकडे आले होते. गाठ कर्करोगाची होती. मुलांनी त्यांना ‘पोटात सूज आहे’ एवढेच सांगितले होते. मुले औषधे आणायला गेली तेव्हा त्यांनी हळूच विचारले, ‘बाई, माझ्या पोटातलं काय कापणार हाय, तेवढं मला सांगा. ऊस तोडायचा असला तरी आपण आधी रान बघतो.’ मी मुलांना आत बोलावले आणि त्यांच्या देखतच वडिलांना सगळे सांगितले: गाठ कसली आहे, काढली नाही तर आतडे बंद पडण्याचा धोका आहे, काढताना जिवाला धोका आहे, आणि मलविसर्जनाची पिशवी कदाचित पोटावर लावावी लागेल. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी आठ दिवस मागितले. त्या आठ दिवसांत त्यांनी जमिनीचे कागद मुलांच्या स्वाधीन केले, माहेरवाशिणींना बोलावून घेतले, आणि मला येऊन सांगितले, ‘पिशवी चालंल. पण यंत्रावर महिनाभर ठेवू नका. थोरल्याला मी सांगितलंय, तो ठरवील.’ हे सारे आम्ही शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ यांच्या कानी घातले. ते शस्त्रक्रियेला गेले तेव्हा घाबरलेले होते, पण फसवले गेलेले नव्हते. पुढे दोन वर्षे ते जगले, आणि त्यांतला बराच काळ बांधावर बसून सालगड्यांना ओरडण्यात गेला.

सगळेच होकार देतात असे नाही. गुडघेदुखी सोसून राहीन पण शस्त्रक्रिया नको, असे विचारपूर्वक सांगणारेही असतात. सगळी माहिती घेऊन दिलेला नकार हाही निर्णयच आहे. त्याचा मान राखून बाकीचे उपचार चालू ठेवावेत.

शुद्ध आल्यावरची रात्र

शस्त्रक्रिया उत्तम होते आणि दुसऱ्या रात्री वडील मुलाला ओळखत नाहीत, सलाइन उपसतात, गेलेल्या आईला हाका मारतात. घरचे हादरतात. याला शस्त्रक्रियेनंतरचा भ्रम म्हणतात. वृद्धांमध्ये तो नेहमी आढळतो आणि बहुतेकांत काही दिवसांत ओसरतो. काहींना अधिक काळ लागतो. वेड लागले असे समजून रागावू नये, आणि झोपेची गोळी मागू नये, तिने तो वाढू शकतो. जंतुसंसर्ग, वेदना, लघवी तुंबणे, क्षार कमी होणे अशी कारणे डॉक्टर शोधतील.

इथे सोबत करणाऱ्यांचे काम औषधाइतके मोलाचे असते. चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी शेवटच्या क्षणापर्यंत रुग्णाजवळ राहू द्यावीत आणि शुद्धीवर येताच परत द्यावीत. ऐकू येत नाही, दिसत नाही असा माणूस अनोळखी खोलीत लवकर गोंधळतो. दिवसा खिडकी उघडी, रात्री अंधार. आज कोणता वार, आपण कुठे आहोत, हे सहज बोलण्यात सांगत राहावे. रोज नवा चेहरा सोबतीला पाठवू नये. आमच्या एमआयडीसीत मुलगा रात्रपाळीला आणि सून सकाळी घरकामात अडकलेली, अशी स्थिती असते. त्यामुळे पहिल्या तीन रात्री कोण थांबणार, हे पंधरा दिवस आधी ठरवून रजा टाकावी. पूर्वी कधी असा भ्रम झाला असेल किंवा अलीकडे विसरभोळेपणा वाढला असेल, तर भूलतज्ज्ञांना आधी सांगावे.

पंधरा दिवस नसतील तेव्हा

न्हाणीत पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, तर तयारीला पंधरा दिवस मिळत नाहीत. शक्यतो दोन दिवसांत शस्त्रक्रिया होणे हिताचे असते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला न्यूमोनिया, पायात गुठळी आणि पाठीला जखमा फार लवकर गाठतात. ‘अमावास्या उलटू द्या’ किंवा ‘धाकटा मुंबईहून आल्यावर बघू’ म्हणून घालवलेला एकेक दिवस महाग पडतो. अशा वेळी प्रकृती शक्य तेवढी सावरून लगेच शस्त्रक्रिया करतात, आणि घरात आधीच लिहून ठेवलेली माहिती तेव्हा अनमोल ठरते.

खर्चाची धास्ती हेही विलंबाचे एक कारण असते. २०१२मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली आणि २०१७पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी योजना अनेक शस्त्रक्रियांचा खर्च उचलते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड यांवरील नावे जुळतात का, हे आजच पाहून ठेवा. पुष्कळांची अडचण एका अक्षराच्या फरकाने होते. रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटून आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का, हे विचारा. आमच्या एमआयडीसीतच आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रुग्णालय कोणतेही निवडा, पण तीन प्रश्न न संकोचता विचारा: भूल कोण देणार, ते आधी रुग्णाला पाहणार का, आणि गरज पडली तर अतिदक्षता विभाग आहे का?

शेवटी एक विनंती. आपल्या घरी साठीपुढचे कोणी असेल, तर शस्त्रक्रियेची तारीख येण्याची वाट न पाहता एक कागद घ्या. नाव, वय, वजन, रक्तगट, असलेले आजार, औषधे, त्यांचे प्रमाण आणि वेळा, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, आधीच्या शस्त्रक्रिया आणि त्या वेळचा त्रास, तंबाखू, मिशरी, दारू, हलणारे दात, कवळी, चष्मा, श्रवणयंत्र, किती चालता येते, आणि स्वतःला बोलता आले नाही तर आपल्या वतीने कोणी बोलावे. हा कागद ज्याचा आहे त्याच्याच शेजारी बसून, त्याला विचारून लिहा. शेवटच्या ओळीवर थोडा वेळ लागेल. तो लागू द्या. मग त्याच्या दोन प्रती काढून एक रेशनकार्डाबरोबर ठेवा आणि दुसरी आपल्या डॉक्टरांकडे द्या.